राणूचा डावा हात

राणूने स्वतःचा डावा हात मनगटापासून तोडला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. टेबलावर चहाचे कप तसेच पडले होते आणि कोणी बोलत नव्हतं. राणू हे खेळातलं पात्र. त्याला खेळवणारा पंचविशीतला मुलगा माझ्या समोर बसला होता आणि आपलाच डावा हात उजव्या हातात घट्ट धरून होता. ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी पुण्यात माझ्या घरी एक आड एक शनिवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ चालवते. टेबलाभोवती बसून गोष्ट रचायचा हा खेळ: प्रत्येक जण एक पात्र खेळवतो आणि अवघड प्रसंगाचा निकाल फासे लावतात. पाचवी आवृत्ती, 2014 ची पुस्तकं, चार खेळाडू आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, मी. खेळाडूंची नावं इथे देत नाही, पात्रांचीच देते: राणू हा योद्धा, ईरा ही पुरोहित, मोगा हा चोर आणि शाल्मली ही जादूगार. आमच्या कॅम्पेनच्या, म्हणजे सलग चालणाऱ्या गोष्टीच्या, चौदाव्या सेशनपासून अठ्ठाविसाव्यापर्यंत जे घडलं ते लिहून ठेवते आहे. भ्रष्ट करणारी शक्ती खेळाडूच्या हाती द्यायची असेल तर काय सांभाळावं लागतं, हे मला या सात महिन्यांत कळलं. त्यातलं बरंचसं मी आधी चुकवलं आणि मग कळलं.

तो हात वेक्नाचा. या खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. वेक्ना हा अमर होऊ पाहणारा दुष्ट जादूगार. त्याचा तुटलेला हात आणि काढलेला डोळा या खेळात 1976 सालच्या एका पुरवणी पुस्तकापासून आहेत, म्हणजे मूळ खेळ निघाल्यानंतर दोनच वर्षांनी आलेले. वाळलेला, काळा पडलेला डावा हात. तो वापरायचा तर आधी आपला डावा हात तोडायचा आणि हा त्या थोटकाला लावायचा. मग तो जिवंत होतो. ताकद थेट 20 होते. हातात आठ चार्ज, म्हणजे खर्चायच्या शक्तीची आठ मापं, असतात आणि रोज पहाटे 1d4+4 (चार बाजूंच्या एका फाशावरचा आकडा अधिक चार) परत भरतात. एक चार्ज दिला की समोरचा झोपतो, दोन दिले की शत्रू संथ होतात, तीन दिले की क्षणात दूर कुठेतरी पोचता येतं. पाच दिले की ‘फिंगर ऑफ डेथ’: बोट दाखवायचं आणि समोरच्याचा सेव्ह (बचावासाठी टाकलेला फासा) फसला तर 7d8+30 इतकी इजा, सरासरी साठाच्या वर. त्यात माणूस मेला तर तो पुढच्या फेरीत झोम्बी होऊन उठतो आणि कायमचा तुमच्या हुकमात राहतो.

किंमतही पुस्तकात लिहिलेली आहे. हातातून मंत्र सोडला की दर वेळी हात उलट तुमच्यावरच ‘सजेशन’ हा मन वळवणारा मंत्र टाकतो आणि एक दुष्ट कृत्य करायला सांगतो. टाळायचं तर 18 चा सेव्ह, म्हणजे वीस बाजूंचा फासा आणि पात्राचा बोनस मिळून 18 तरी हवेत. हात पुन्हा काढला तर धारण करणारा मरतो. आणि हात लागल्या क्षणी पात्राची अलाइनमेंट, म्हणजे नैतिक कल, बदलून ‘न्यूट्रल इव्हिल’ होते, थोडक्यात दुष्ट.

हे शेवटचं वाक्य मला कधीच पटलेलं नाही. माणूस बिघडतो कसा हे बघण्यासाठी असली वस्तू खेळात आणायची, आणि नियम सांगतो की तो बिघडला, झालं. प्रवास सुरू होण्याआधीच मुक्काम. खेळाडूने मग करायचं काय? वाईट माणसाचा अभिनय. त्यात घसरणं नाही, सावरणं नाही, हट्ट नाही, लाज नाही.

म्हणून मी दुसरी वाट काढली, आणि ती अजूनही मला योग्य वाटते. कॅम्पेन सुरू होण्याआधीच्या बैठकीत मी प्रत्येकाला एक कोरं कार्ड दिलं होतं: तुमचं पात्र कधीच करणार नाही अशा पाच गोष्टी लिहा. तेव्हा हाताचा विचार डोक्यातही नव्हता, पात्रं ओळखीची व्हावीत एवढाच हेतू. राणूच्या कार्डावर असं होतं: शरण आलेल्याला मारणार नाही. ईराशी खोटं बोलणार नाही. मेलेल्याच्या अंगावरून काही घेणार नाही. आपल्या माणसाला मागे टाकून जाणार नाही. आणि पाचवं, बहिणीला दिलेला शब्द मोडणार नाही: घरी परत येईन.

नवव्या सेशनमध्ये त्यांना एका मठाच्या तळघरात तो हात सापडला. मिठाने भरलेल्या पेटीत घालून त्यांनी तो पाच सेशन्स वागवला. चौदाव्यात, नदी पायी ओलांडायची जागा असते त्या उतारावर, त्यांना गाठलं गेलं. ईराची जीवनशक्ती शून्यावर आली होती, मरणाच्या सेव्हमध्ये दोनदा फसली होती. तिसऱ्यांदा फसली असती तर संपलंच. राणूच्या खेळाडूने पेटीकडे बोट दाखवलं.

मी खेळ थांबवून त्याला सगळं सांगितलं. चार्ज किती, मंत्र कोणते, हात काढला तर मरण. अलाइनमेंटचा नियम मी बाजूला ठेवते आहे, त्याऐवजी हात तुझ्या कार्डावरच्या ओळी मागेल, एकेक करून. तो म्हणाला, चालेल. नंतर कळलं की त्याला ते खरं वाटलंच नव्हतं. त्याने नुकताच ‘बाल्डर्स गेट 3’ कॉम्प्युटरवर संपवला होता. त्या खेळात डोक्यात शिरलेल्या अळीपासून शक्ती मिळत जाते, आणखी अळ्या मिळवल्या की आणखी शक्ती. सोबतचे लोक घाबरवत राहतात, ‘नको, तू बदलशील’. त्याने भीडभाड न ठेवता सगळ्या अळ्या वापरल्या होत्या आणि त्याच्या मते त्याचं काही बिघडलं नव्हतं. इथेही तसंच होईल, किंमत म्हणजे नुसतं भीतीचं वातावरण असेल, असं तो धरून चालला होता. दोघांनी ‘चालेल’ म्हटलं, पण प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीला. मला त्याच वेळी एक प्रश्न विचारायला हवा होता: या कार्डावरची कोणती ओळ खोडली गेली तर तुला स्वतःला वाईट वाटेल?

राणूने आपला डावा हात तोडला, वेक्नाचा लावला आणि त्याचं बोट दाखवलं. शत्रूचा सरदार कोसळला आणि उठून राणूकडे वळून उभा राहिला. टेबलावर आरडाओरडा झाला. ईरा वाचली होती. मी हाताच्या ‘सजेशन’चा सेव्ह टाकायला सांगितला. राणूचा या सेव्हवरचा बोनस जेमतेम +1, फाशावर आले 6. हात म्हणाला, यांच्यातला एकही जिवंत परत जाता कामा नये. हात टेकून शरण आलेला एक पोरगेलासा शिपाई त्यांच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चार्ज भरले आणि राणूने त्याच्याकडे बोट केलं. तोही उठून उभा राहिला. मागणी पुरी करायला पुन्हा तोच मंत्र वापरला, त्यामुळे लगेच दुसरी मागणी उभी राहिली. देणं फेडायला घेतलेल्या कर्जासारखं.

इथून पुढे मी जे केलं त्याची जबाबदारी माझी. हात राणूशी ‘मनातल्या मनात’ बोलतो म्हणून मी त्याच्या मागण्या खेळाडूला व्हॉट्सअॅपवर खाजगी पाठवू लागले. मला ते फार प्रभावी वाटत होतं. टेबलावर सगळे हसत-बोलत असायचे, त्याचा फोन थरथरायचा आणि तो गप्प व्हायचा. दुसरी मागणी होती: त्या शिपायाबद्दल ईराला खरं सांगू नकोस. त्याने सांगितलं की शत्रूच्याच शापाने तो शिपाई मरून उठला, आता कसाबसा माझ्या ताब्यात आहे. दुसरी ओळ खोडली गेली. झोम्बी रोज रात्री छावणीच्या कडेला उभा. मोगा त्याच्या अंगावर घोंगडी टाकायचा.

ईराने ते खोटं खरं मानलं आणि त्या शिपायाला शापातून सोडवायचं मनावर घेतलं. तीन सेशन्स. ईराला खेळवणारी शाळेत शिकवते. परीक्षेचे पेपर तपासून झाले की ती रात्री मंत्रांची पुस्तकं काढून बसायची, मला विचारायची, हा मंत्र चालेल का, तो देवळातला विधी चालेल का. आणि मी, खरं ठाऊक असताना, ‘करून बघ’ म्हणायचे.

एकोणिसाव्या सेशनमध्ये एका फितुराची चौकशी करायला तिने ‘झोन ऑफ ट्रूथ’ टाकला. पंधरा फुटांच्या त्या वर्तुळात जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, आणि कोणाचा सेव्ह फसला ते मंत्र टाकणाऱ्याला कळतं. राणू वर्तुळात उभा होता. त्याचा सेव्ह फसला. तिने फितुराकडे पाहिलंच नाही. “राणू, त्या पोराला कोणी मारलं?” नियमाप्रमाणे गप्प बसायला मुभा असते. राणू गप्प बसला.

पात्रांसाठी तो प्रसंग अप्रतिम होता. माणसांसाठी नव्हता. तिने फासे डबीत भरले आणि म्हणाली, “राणूने ईराला फसवलं ते मी आनंदाने खेळले असते. तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत. मी दोन महिने घरी बसून याचा विचार करत होते.” राणूवाला म्हणाला, “अगं, पण हात लागल्यावर राणू असाच वागणार ना.” त्यावर ती जे म्हणाली ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: “राणू असाच वागेल, ठीक. पण तू माझ्या शेजारी बसतोस.”

आमच्या टेबलावर मधोमध फुली मारलेलं एक कार्ड कायम असतं. जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांनी रुळवलेली ही पद्धत आता जगभर वापरली जाते: एखादं दृश्य असह्य झालं तर कार्डाला हात लावायचा, कारण न विचारता ते दृश्य थांबतं. त्या सात महिन्यांत कोणीच त्याला हात लावला नाही. लावणार तरी कशाला? घाव कुठल्या दृश्यात नव्हताच. तो लपवाछपवीत होता, आणि लपवलेल्या गोष्टीसाठी कोणी कार्डाकडे हात नेऊ शकत नाही.

त्या रात्री पुढे खेळलो नाही. पुन्हा चहा केला आणि एक वाजेपर्यंत बोललो. फाशांबद्दल शाल्मलीवाली बोलली. ती हिशेबाची पक्की. +1 वर 18 गाठायचे म्हणजे फाशावर 17 किंवा वर हवेत, वीसपैकी चारच आकडे. दर पाचांतून चार वेळा राणू फसणार. “म्हणजे तो वाईट वागतोय असं नाहीच, फासा वागतोय,” ती म्हणाली. राणूवाल्याने लगेच मान डोलावली, कारण त्याच्याही मनात तेच होतं: शिपायाला मारल्याचं त्याला काही वाटलंच नव्हतं, सेव्ह फसला होता एवढंच.

याला तोड काय, हे शोधताना आम्ही इतर खेळांचे नियम आठवत गेलो. वेस्ट एंड गेम्सने 1987 साली काढलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या टेबलावरच्या खेळात दुष्कृत्याचा एक काळा गुण मिळाला की एक फासा टाकायचा, आकडा तुमच्या काळ्या गुणांपेक्षा कमी आला की पात्र डीएमकडे जमा. धाक चांगला आहे, पण शेवटचा घास फासाच घेतो. 1991 च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये माणुसकी दहापासून उतरत शून्यावर गेली की तसंच. मला सगळ्यांत भिडतो तो 1981 च्या ‘कॉल ऑफ कथुलू’चा हिशेब. तिथे निषिद्ध गोष्टींचं ज्ञान जितकं वाढेल तितकी शुद्धीची, म्हणजे मन थाऱ्यावर असण्याची, कमाल मर्यादाच 99 वरून खाली येते. ज्या ज्ञानाने वाचता, तेच ज्ञान जागा खातं. तिथे किंमत शक्तीला बाहेरून जोडलेली नाही, शक्तीच्याच पोटात आहे.

मोगावाला शहाद्याचा. तो बराच वेळ ऐकत होता, मग म्हणाला, “आमच्याकडे दिवाळीत लोक अस्तंब्याला जातात. अश्वत्थाम्याचा डोंगर. अजून हिंडतो म्हणतात, कपाळावरची जखम घेऊन, तेल मागत.” अर्जुनाला अस्त्र सोडताही येत होतं आणि मागेही घेता येत होतं. अश्वत्थाम्याला फक्त सोडता येत होतं, आणि मागे घेता येईना म्हणून त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवलं. राणूवाला म्हणाला, “मला ती जखम द्या.”

त्या रात्री तीन बदल ठरले. हात जे बोलेल ते मी सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलणार. राणूलाच ऐकू येईल, खेळाडू मात्र सगळे ऐकतील. दुसरं, ‘सजेशन’चा फासा रद्द. हात मागेल, राणू खुशाल नाही म्हणू शकतो, पण मग पहाटे चार्ज भरणार नाहीत. भरायचे असतील तर कार्डावरची एक ओळ त्याने स्वतःच्या पेनने खोडायची. तिसरी ती जखम. मनगटावरचा सांधा कधीच भरणार नाही, कुठल्याही मंत्राने नाही. रोज रात्री कोणीतरी तेल लावायचं.

तेल लावायचं काम ईराने घेतलं. मला वाटलं होतं ती राणूला टाकेल. तसं न करता ती प्रत्येक सेशनमध्ये एकदा त्याच्याजवळ बसायची, दोघं दोन-चार वाक्यं बोलायचे, कधी बोलायचेही नाहीत. सगळ्या कॅम्पेनमधली सगळ्यांत चांगली दृश्यं तीच. नुकसान आकड्यात मोजलं की खेळाडू हिशेब करतो. एक माणूस रोज समोर बसून जखमेला तेल लावतो तेव्हा हिशेब करता येत नाही.

तिसरी ओळ बाविसाव्या सेशनमध्ये गेली: थडग्यातल्या राणीच्या बोटातली अंगठी, तिच्याशिवाय दार उघडणार नव्हतं. चौथी पंचविसाव्यात, आणि ती मला पुन्हा सांगावीशी वाटते. किल्ल्यात चहूबाजूंनी कोंडी झालेली. ‘टेलिपोर्ट’ला तीन चार्ज लागतात, उरले होते दोन. मी हाताचा आवाज काढून म्हणाले: एकाला मागे ठेव, मी भरून देतो. आपल्या माणसाला मागे टाकून जाणार नाही, ही कार्डावरची ओळ. टेबलावर शांतता. मग मोगावाला म्हणाला, “मोगाला ठेव. मोगाला हे कळता कामा नये, पण मला कळलंय. ठेव.” राणूवाल्याने ओळ खोडताना कागद फाटेल इतका जोर दिला. मोगा गटारातून चार दिवसांनी बाहेर आला आणि राणूशी बोलला नाही. खेळ संपल्यावर दोघे एकाच स्कूटरवरून घरी गेले.

एकोणिसाव्या सेशनमधला दगा आणि पंचविसाव्यातला दगा यांत पात्रांच्या बाजूने फारसा फरक नाही. उलट दुसरा जास्त निर्दय. फरक एवढाच की दुसऱ्यात टेबलावरचा प्रत्येक जण सामील होता. आधी मला वाटायचं, खेळाडूला कळलं की धक्का जातो. गेला नाही. आपल्याला माहीत आहे आणि आपल्या पात्राला नाही, यानेच तो जास्त लागला.

सत्ताविसाव्या सेशनमध्ये ते पुन्हा त्याच उतारावर होते. समोर शत्रूचा नेक्रोमॅन्सर, म्हणजे मृतांवर हुकमत चालवणारा जादूगार, स्वतः. राणूकडे चार चार्ज, ‘फिंगर ऑफ डेथ’ला हवेत पाच. कार्डावर एक ओळ. हात म्हणाला: घरी कधीच जायचं नाही. एवढंच मान्य कर आणि आठही घे.

राणूवाल्याने कार्ड बराच वेळ धरून ठेवलं. मग ते टेबलावर ठेवलं, पेनचं टोपण लावलं आणि ईराकडे वळून म्हणाला, “काप.” हात काढला तर मरण हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी पुन्हा आठवण केली नाही आणि फासा टाकायलाही सांगितलं नाही. ईरावाली म्हणाली, “मी त्याच्या मनगटाला आधी तेल लावते.” तिने ते लावलं, आणि मग कापला.

ते लढाई हरले. पाच चार्जची ती एक बोटखूण मिळाली असती तर बहुधा जिंकले असते, आणि मी ते लपवलं नाही. उतार गेला, पलीकडची दोन गावं गेली. राणूचं शव त्यांनी होडीत घातलं आणि नदीच्या वरच्या अंगाला त्याच्या घरी नेलं. बहिणीने दार उघडलं तिथे मी सेशन थांबवलं.

अठ्ठाविसाव्याला राणूवाला नवं पात्र करून आला नव्हता. नुसता बसायला आला. खेळायला फार उरलंही नव्हतं. एक गोष्ट मात्र राहिली होती. तो शिपाई अजून उभा होता, होडीच्या मागे मागे काठाने चालत आलेला, आता हुकूम देणारं कोणी नसलेला. ईराने त्याला शांत केलं, तिच्या देवाच्या रीतीने. खड्डा खणला. मोगाने घोंगडी आत टाकली.

“दगडावर नाव काय लिहायचं?” मोगावाल्याने मला विचारलं.

मी वही उघडली. चौदाव्या सेशनच्या पानावर लिहिलं होतं: शिपाई 3, वय 17, शरण. नाव मी ठेवलंच नव्हतं. तसं सांगितलं. कोणीच काही बोललं नाही, मग राणूवाल्याने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि आम्ही पाच जण त्या मुलाला काय म्हणत असतील, त्याच्या घरी हाक कशी मारत असतील, यावर बराच वेळ बोलत बसलो.